कर्नलमधलं ग्लोबल व्हेरिएबल चुकीची व्हॅल्यू दाखवत असेल तर काय, कुठे आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

कर्नल बूट होतो, स्क्रीनवर पहिली ओळ उमटते, फंक्शन्स एकमेकांना बिनबोभाट कॉल करतात. पण फाइलच्या माथ्यावर ज्या ग्लोबल व्हेरिएबलला ७ दिले होते ते छापलं की ० येतो. तेच व्हेरिएबल फंक्शनच्या आत नेलं की ७ बरोबर येतात. स्वतःचा छोटा कर्नल लिहायला घेतलेल्यांना हे लक्षण हटकून भेटतं, आणि बरेच जण व्हेरिएबल लोकल करून पुढे जातात. असं करू नका. दोष तिथेच राहतो आणि पुढे मेमरी मॅनेजर किंवा इंटरप्ट टेबल लिहिताना याहून अवघड रूपात वर येतो.

साध्या प्रोग्रॅममध्ये मेन फंक्शन सुरू होण्याआधीच बरंच काम झालेलं असतं. ऑपरेटिंग सिस्टिमचा लोडर फाइलमधला डेटा मेमरीत आणतो, व्हॅल्यू न दिलेल्या व्हेरिएबल्सची जागा शून्य करून देतो, पत्ते जुळवतो. कर्नलच्या मागे असं कोणी उभं नसतं. जे बूटलोडरने केलं नाही ते तुम्हालाच करायचं असतं. म्हणून ग्लोबल व्हेरिएबल बिघडलं की दोनच प्रश्न विचारायचे, आणि याच क्रमाने: ती जागा आधी तयार कोणी केली? आणि तयार झाल्यावर तिथे आणखी कोण लिहितं? पहिल्याचं उत्तर मिळण्याआधी व्होलाटाइल (व्हेरिएबल दरवेळी मेमरीतूनच वाचायला लावणारा सी चा शब्द), लॉक वगैरे लावत बसलात तर वेळ फुकट जाईल.

खालची उदाहरणं एक्स८६, सी भाषा, जीसीसी कंपायलर आणि क्यूएमू हा एम्युलेटर गृहीत धरून आहेत. तर्क इतर प्रोसेसरवरही हाच.

आधी तीन खुणा पेरा

कर्नलच्या कुठल्याही एका सी फाइलमध्ये तीन ३२-बिट ग्लोबल व्हेरिएबल्स टाका. पहिल्याला हेक्स १२३४५६७८ ही व्हॅल्यू द्या. ते डेटा सेक्शनमध्ये जाईल. दुसरं कॉन्स्ट करा आणि त्याला हेक्स ८७६५४३२१ द्या. ते रोडेटा, म्हणजे फक्त वाचायच्या डेटाच्या, सेक्शनमध्ये जाईल. तिसऱ्याला काहीच देऊ नका. ते बीएसएसमध्ये, म्हणजे शून्याने सुरू होणाऱ्या व्हेरिएबल्सच्या सेक्शनमध्ये, जाईल. पहिल्या आणि तिसऱ्याला व्होलाटाइल लावा; दुसऱ्याला नको, कारण जुना जीसीसी कॉन्स्ट-व्होलाटाइल व्हेरिएबल रोडेटाऐवजी डेटामध्ये टाकतो. इथे व्होलाटाइल केवळ चाचणीपुरतं आहे: ते नसेल तर कंपायलर व्हॅल्यू थेट इन्स्ट्रक्शनमध्ये भरतो, मेमरी वाचतच नाही, आणि तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे.

आता या खुणा तपासायच्या, पण आपल्याच छापण्याच्या फंक्शनने नाही. कर्सर कोणत्या ओळीवर आहे हे ते फंक्शन बहुधा एका ग्लोबल व्हेरिएबलमध्येच ठेवतं. ज्याच्यावर संशय आहे त्यालाच साक्षीला बोलावल्यासारखं होईल. क्यूएमूला जीडीबी-सर्व्हर चालू ठेवून, सीपीयू थांबलेल्या अवस्थेत सुरू करा, जीडीबी या डीबगरमधून १२३४ या पोर्टला जोडा, सिम्बॉल्स मूळ एल्फ फाइलमधून (लिंकरने बनवलेल्या, सेक्शन्सची माहिती असलेल्या फाइलमधून) घ्या आणि सी मधल्या पहिल्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावा. तिथे थांबल्यावर तिन्ही खुणांचे पत्ते आणि त्या पत्त्यांवरचे बाइट्स बघा. लिटल एंडियन असल्यामुळे पहिली खूण मेमरीत ७८ ५६ ३४ १२ अशी दिसेल.

जे दिसेल त्यावरून पुढची दिशा ठरते. डेटा आणि रोडेटा दोन्ही चुकीचे, किंवा दोन्हींपैकी फाइलमध्ये शेवटी असलेलं चुकीचं, पण कोड चालतोय: भाग मेमरीत आलाच नाही, किंवा आला पण वेगळ्या पत्त्यावर. फक्त बीएसएसची खूण शून्य नाही: जागा पुसली गेली नाही. तिन्ही बरोबर आहेत आणि नंतर कधीतरी बिघडतात: दुसरा प्रश्न, म्हणजे कोणीतरी वरून लिहितंय.

डेटा मेमरीत आला का?

स्वतःचा बूटलोडर असेल तर पहिला संशय इथेच घ्या. समजा कर्नल हेक्स १००० या पत्त्यासाठी लिंक केलाय, म्हणजे दशमान ४०९६. बूटलोडर बायोसच्या इंटरप्ट हेक्स १३ मधून १५ सेक्टर वाचतो. १५ गुणिले ५१२ म्हणजे ७,६८० बाइट्स, म्हणजे मेमरीत ११,७७५ या पत्त्यापर्यंतच कर्नल आला. तुमचा कोड आहे सुमारे ५,००० बाइट्सचा. तो पूर्ण आला. पण लिंकर स्क्रिप्टमध्ये डेटा सेक्शनला ४०९६ चं अलाइनमेंट दिलंय, त्यामुळे तो सुरू होतो हेक्स ३००० वर, म्हणजे १२,२८८ वर. सेक्शनचा पहिला बाइटसुद्धा मेमरीत आलेला नाही. कोड चालतो, लोकल व्हेरिएबल्स स्टॅकवर असल्यामुळे तीही चालतात, आणि ग्लोबलच्या जागी क्यूएमूची मुळातली रिकामी मेमरी वाचली जाते. म्हणून ०.

हे पडताळायला दोन आकडे पुरतात. ऑब्जडम्पने सेक्शनचे हेडर बघा: डेटा कोणत्या पत्त्यावर आहे आणि किती लांब. त्यातून कर्नलचा सुरुवातीचा पत्ता वजा करा, लांबी मिळवा. आलेला आकडा बूटलोडरने वाचलेल्या बाइट्सपेक्षा मोठा असेल तर दोष सापडला. वरच्या उदाहरणात डेटा ४० बाइट्सचा असेल तर फाइल ८,२३२ बाइट्सची होते आणि १७ सेक्टर लागतात.

उपाय म्हणून १५ चे ३० करू नका. कर्नल वाढला की हाच दिवस पुन्हा येईल. फाइलच्या आकारात ५११ मिळवून ५१२ ने भागायचं, हा हिशेब मेकफाइलमध्ये करा आणि तो आकडा असेंब्लरला द्या. फाइल ५१२ च्या पटीत भरून घ्या. वाचून झाल्यावर कॅरी फ्लॅग तपासा. १.४४ एमबी फ्लॉपीच्या एका ट्रॅकवर १८ सेक्टर असतात, आणि ट्रॅकची हद्द ओलांडून एकाच कॉलमध्ये वाचणं सगळे बायोस करतीलच असं नाही. म्हणून तुकड्या-तुकड्याने वाचणारा लूप लिहिणं केव्हाही सुरक्षित.

आणखी एक जागा: एल्फमधून कच्ची बायनरी काढताना ऑब्जकॉपीला फक्त टेक्स्ट सेक्शन घ्यायला सांगितलं असेल, तर डेटा फाइलमध्येच नसतो. हेक्सडम्पमध्ये ७८ ५६ ३४ १२ शोधा. नाही सापडलं तर बूटलोडरचा दोष नाही, बिल्डचा आहे.

आला, पण पत्ता जुळतो का?

हा भाग सगळ्यांत फसवा आहे. ३२-बिट एक्स८६ वर साधा फंक्शन कॉल सापेक्ष असतो: इथून इतके बाइट्स पुढे जा. ग्लोबल व्हेरिएबल मात्र पूर्ण पत्त्याने वाचलं जातं. त्यामुळे लिंकरला सांगितलेला पत्ता एक आणि प्रत्यक्षात लोड झालेला दुसरा असला, तरी कॉल बिनचूक चालत राहतात आणि ग्लोबल व्हेरिएबल्स तेवढी चुकतात. ‘कोड चालतोय म्हणजे पत्ते बरोबर आहेत’ हा निष्कर्ष म्हणूनच काढायचा नाही. ६४-बिटमध्ये ग्लोबलही बहुधा सापेक्ष पत्त्याने वाचलं जातं. तिथे हाच दोष फंक्शन पॉइंटरच्या टेबलमध्ये किंवा स्ट्रिंगच्या ॲरेमध्ये दिसतो, कारण त्या टेबलांत पूर्ण पत्ते साठवलेले असतात.

जीडीबीच्या शोधण्याच्या आदेशाने खुणेची व्हॅल्यू मेमरीभर शोधा. ती अपेक्षित पत्त्याऐवजी दुसरीकडे सापडली, तर दोन पत्त्यांतला फरक काढा. फरक हेक्स सी०००००००, म्हणजे ३ जीबी असेल, तर कर्नल वरच्या अर्ध्या भागासाठी लिंक केलाय आणि पेजिंग (आभासी पत्ते खऱ्या मेमरीशी जोडणारी व्यवस्था) सुरू होण्याआधीच ग्लोबलला हात लावताय. पेजिंग चालू होईपर्यंतचा कोड असेंब्लीत ठेवा, किंवा त्याला खालच्या पत्त्यावर लिंक होणारा वेगळा सेक्शन द्या. फरक हेक्स ७सी०० असेल तर डीएस रजिस्टर बघा: बूट सेक्टरमध्ये मूळ पत्ता ७सी०० धरलाय आणि डीएसमध्येही ०७सी० आहे, म्हणजे तोच पत्ता दोनदा मिळवला जातोय. सुरुवातीला सेगमेंट रजिस्टर्समध्ये काय असेल याची बायोस हमी देत नाही, तेव्हा ती स्वतः भरा. प्रोटेक्टेड मोडमध्ये गेल्यावर डीएस, ईएस, एसएस या तिन्हींत डेटा सिलेक्टर घालायला विसरू नका. फरक नेमका १ एमबी असेल तर ए२० लाइन (१ एमबीच्या वरचा पत्ता खाली वळू न देणारी पत्त्याची तार) बंद आहे का ते पहा.

कंपायलरकडेही लक्ष द्या. आजकालच्या लिनक्स डिस्ट्रिब्युशन्समध्ये येणारा जीसीसी सहसा पाय प्रकारचा, म्हणजे कुठल्याही पत्त्यावर चालणारा कोड बनवतो. ३२-बिटमध्ये अशा कोडला दुसऱ्या फाइलमधलं एक्स्टर्न व्हेरिएबल गॉट नावाच्या टेबलमधून गाठावं लागू शकतं. लिंकर स्क्रिप्टने ते टेबल टाकून दिलं असेल तर त्याच फाइलमधलं स्टॅटिक व्हेरिएबल चालतं आणि एक्स्टर्न चालत नाही. हे लक्षण दिसलं की पिक (शेअर्ड लायब्ररीसाठीचा असाच कोड) आणि पाय दोन्ही बंद करा. माझं स्पष्ट मत: यजमान सिस्टिमचा जीसीसी पर्याय लावून लावून वाकवण्यापेक्षा आय६८६-एल्फसाठीचा क्रॉस कंपायलर (यजमान सिस्टिमसाठी नाही, तर उघड्या मशीनसाठी कोड बनवणारा) एकदाच बांधून घ्यावा. वरच्या २ जीबीत लिंक होणाऱ्या ६४-बिट कर्नलसाठी कोड मॉडेल ‘कर्नल’ ठेवा.

बीएसएस कोणी पुसली?

व्हॅल्यू न दिलेलं ग्लोबल शून्यच असणार, हे वचन सी भाषेचं आहे. ते पाळायचं काम सुरुवातीच्या कोडचं. ग्रब या तयार बूटलोडरने एल्फ कर्नल लोड केला तर ग्रब ते करतो, कारण प्रोग्रॅम हेडरमध्ये मेमरीतला आकार फाइलमधल्या आकारापेक्षा मोठा लिहिलेला असतो आणि उरलेला भाग शून्याने भरायचा असतो. कच्च्या बायनरीत बीएसएस नसतेच. ती तुम्हालाच पुसावी लागते.

क्यूएमूमध्ये हा दोष दिसत नाही, कारण तिथली मेमरी सुरुवातीला शून्यच असते. खऱ्या मशीनवर तिथे आधीचा कचरा असतो. म्हणून ‘क्यूएमूत चालतं, मशीनवर नाही’ असं असेल तर बीएसएस आधी तपासा. क्यूएमूतच दोष पकडायचा तर जीडीबीतून बीएसएसच्या जागेत मुद्दाम हेक्स ए५ भरा आणि मगच कर्नलच्या एन्ट्रीवर जाऊ द्या.

व्हेरिएबलला स्वतः ० दिला म्हणून सुटका होत नाही. जीसीसी शून्य दिलेली व्हेरिएबल्सही बीएसएसमध्येच टाकतो. आणि शून्याऐवजी १ देऊन ‘चालवून घेणं’ म्हणजे ते एक व्हेरिएबल डेटा सेक्शनमध्ये हलवणं. बाकीची तशीच राहतात.

पुसण्याचा कोड असेंब्लीत, सी मध्ये शिरण्याआधी ठेवा. लिंकर स्क्रिप्टमध्ये बीएसएसच्या आधी आणि नंतर एकेक सिम्बॉल ठेवून मधली जागा रेप-स्टॉसबीने (एकच बाइट ओळीने भरत जाणाऱ्या इन्स्ट्रक्शनने) भरायची. यात तीन ठिकाणी पाय घसरतो. स्टॅक बीएसएसमध्येच असेल आणि पुसणारं फंक्शन कॉलने गाठलं असेल, तर परतीचा पत्ताच पुसला जातो. म्हणून कॉल न करता सलग पुसा. दुसरं, मल्टिबूट (ग्रब ज्या ठरलेल्या पद्धतीने कर्नल सुरू करतो ती) ईएएक्समध्ये खूण-आकडा आणि ईबीएक्समध्ये माहितीचा पत्ता देतो. रेप-स्टॉसबी ईडीआय, ईसीएक्स आणि ईएएक्स वापरते, ईबीएक्सला धक्का लावत नाही. तेव्हा ईएएक्समधला आकडा ईडीएक्समध्ये हलवा आणि दोन्ही गोष्टी ग्लोबलमध्ये साठवायच्या असतील तर पुसून झाल्यावरच साठवा. तिसरं, डायरेक्शन फ्लॅग आधी साफ करा.

लिंकर स्क्रिप्टमध्ये रोडेटा लिहिताना त्याची उपनावंही ताऱ्यासकट (रोडेटा.* अशी) घ्या. स्ट्रिंग्ज बहुधा वेगळ्या उपसेक्शनमध्ये जातात. डेटा आणि बीएसएसचंही तसंच. बीएसएसच्या आत कॉमन सेक्शन समाविष्ट करा. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून व्हॅल्यू नसलेली ग्लोबल्स डिफॉल्टने कॉमनमध्ये जात नाहीत, पण जुना कंपायलर वा जुने फ्लॅग असतील तर जातात आणि तुमच्या दोन सिम्बॉल्सच्या बाहेर पडून पुसायची राहतात. याच बदलामुळे हेडरमध्ये नुसतंच ‘इंट डीबग’ लिहिलेले जुने प्रोजेक्ट आता ‘मल्टिपल डेफिनिशन’ म्हणून अडतात. हेडरमध्ये एक्स्टर्न लिहायचं आणि नेमक्या एका सी फाइलमध्ये व्याख्या द्यायची.

त्या सी फाइलमध्ये ते हेडर जोडलेलंच असू द्या, म्हणजे टाइप जुळतो की नाही हे कंपायलर पाहील. एका फाइलमध्ये ६४ अक्षरांचा कॅर ॲरे आणि दुसरीत त्याच नावाचा कॅर पॉइंटर एक्स्टर्न केला, तर लिंकर एक शब्द बोलत नाही, आणि ॲरेतली पहिली चार-आठ अक्षरं पत्ता समजून वापरली जातात.

लिंकर स्क्रिप्टमधल्या सिम्बॉलचंही असंच आहे. कर्नल कुठे संपतो हे सांगणाऱ्या सिम्बॉलला व्हॅल्यू नसते, फक्त पत्ता असतो. तो सी मध्ये कॅर ॲरे म्हणून जाहीर करा आणि नाव तसंच वापरा. इंट म्हणून जाहीर करून थेट वाचलात तर त्या पत्त्यावरचे चार बाइट्स हाती येतात.

सी++ वापरत असाल तर कन्स्ट्रक्टर असलेली ग्लोबल ऑब्जेक्ट्स आपोआप तयार होत नाहीत. इनिट-ॲरे सेक्शनमधल्या फंक्शन्सना तुम्हीच एकेक करून कॉल करायचं.

तयार झालं, मग बिघडवतं कोण?

सुरुवातीला तिन्ही खुणा बरोबर आणि नंतर व्हेरिएबल बदललेलं, तर जीडीबीत त्यावर वॉचपॉइंट लावा आणि चालू द्या. जी इन्स्ट्रक्शन लिहिते तिथेच सीपीयू थांबेल. एक मर्यादा ध्यानात ठेवा: डिव्हाइसने डीएमएने, म्हणजे सीपीयूला वगळून थेट मेमरीत, लिहिलं तर वॉचपॉइंट थांबवत नाही. व्हॅल्यू बदलली पण वॉचपॉइंट लागलाच नाही, तर डिस्क वा नेटवर्कच्या बफरचे पत्ते तपासा.

थांबल्यावर बऱ्याचदा दिसतं ते असं की लिहिणारं फंक्शन अगदी निर्दोष आहे, ते आपल्या लोकल व्हेरिएबलमध्येच लिहितंय. पण स्टॅक पॉइंटर स्टॅकच्या खालच्या हद्दीपलीकडे गेलाय. स्टॅक खाली वाढतो. मॅप फाइल (लिंकरने काढलेली सिम्बॉल्स आणि पत्त्यांची यादी) उघडून स्टॅकच्या लगेच खाली कोणती व्हेरिएबल्स आहेत ते बघा. तीच बिघडत असतील तर प्रश्न उरत नाही. १६ केबीचा स्टॅक आणि त्यात ८ केबीचा लोकल ॲरे असलेलं फंक्शन, त्यावर इंटरप्ट आला की एवढं व्हायला फार लागत नाही. स्टॅकच्या तळाशी एक ठरावीक आकडा ठेवून टाइमर इंटरप्टमध्ये तो तपासत राहा. पेजिंग आलं की तिथे मॅप न केलेलं एक पान ठेवा, म्हणजे हद्द ओलांडताच पेज फॉल्ट येईल.

इंटरप्ट आणि एकाहून जास्त सीपीयू

टाइमरचा इंटरप्ट हँडलर ‘टिक्स’ हे ग्लोबल वाढवतो आणि दुसरीकडे एक लूप त्याची वाट बघतोय. ओ० ला (ऑप्टिमायझेशन बंद असताना) चालतं, ओ२ ला (चालू असताना) कायमचं लटकतं. लूपच्या आत टिक्स बदलत नाही असं कंपायलरला दिसतं, म्हणून तो ते एकदाच रजिस्टरमध्ये वाचतो. डिसअसेंब्लीत लूपच्या आत मेमरी वाचणारी इन्स्ट्रक्शन नसेल तर हेच कारण. व्होलाटाइलने हे सुटतं.

पण व्होलाटाइलने एवढंच सुटतं. वाचणं, मिळवणं आणि परत लिहिणं या तीन पायऱ्यांच्या मध्ये दुसरा सीपीयू शिरला तर एक वाढ हरवते. तिथे ॲटॉमिक क्रिया किंवा लॉकच हवा. ३२-बिट सीपीयूवर ६४-बिट काउंटर दोन तुकड्यांत वाचला जातो, आणि खालचा अर्धा भाग उलटतानाच इंटरप्ट आला तर भलताच आकडा हाती येतो. दर सेकंदाला १००० टिक असतील तर असा क्षण सुमारे ४९.७ दिवसांनी येतो, म्हणून चाचणीत हा दोष सापडतच नाही. लिनक्सने यावर सुंदर तोड काढली आहे: जिफीज हा काउंटर शून्यापासून सुरू न करता असा सुरू केला जातो की त्याचे खालचे ३२ बिट बूटनंतर ५ मिनिटांतच उलटतात. उलटण्याचे दोष मग विकासकाच्या टेबलावरच उघडे पडतात. तुमच्या कर्नलमध्येही हे एका ओळीत करता येतं, आणि करावंच.

एकाच सीपीयूवर इंटरप्ट बंद करून ग्लोबल बदलत असाल तर आधीचे फ्लॅग जपून ठेवा आणि तेच परत घाला. आंधळेपणाने एसटीआय (इंटरप्ट चालू करणारी इन्स्ट्रक्शन) केलंत तर ज्याने आधीच इंटरप्ट बंद करून तुम्हाला कॉल केलं त्याचं संरक्षण मधूनच निघून जातं.

लिनक्स मॉड्यूल लिहीत असाल तर

इथे पहिला प्रश्न बराचसा सुटलेला असतो. मॉड्यूलचा डेटा कर्नलचा लोडर नीट आणतो. पूर्ण सुटलेला मात्र नसतो. इनिट-डेटा अशी खूण केलेलं व्हेरिएबल सुरुवातीचं काम झाल्यावर मेमरीतून मोकळं केलं जातं. ते नंतर वाचलंत तर कचरा मिळेल किंवा कर्नल ऊप्स (चुकीचा अहवाल) देईल. बिल्डच्या वेळी येणारी ‘सेक्शन मिसमॅच’ ही ताकीद याच्यासाठीच असते, ती दुर्लक्षू नका. आरओ-आफ्टर-इनिट खूण असलेल्यावर नंतर लिहायला गेलात तर फॉल्ट येतो. जे नाव बाहेर लागत नाही ते स्टॅटिक ठेवा. बाकी नावांना मॉड्यूलच्या नावाचा उपसर्ग लावा.

सामायिक ग्लोबलसाठी लिनक्समध्ये व्होलाटाइल वापरायची पद्धत नाही. नुसतं वाचणं-लिहिणं असेल तर रीड-वन्स आणि राइट-वन्स, मोजणीसाठी ॲटॉमिक टाइप, इंटरप्ट हँडलरही हात लावत असेल तर आयआरक्यू-सेव्ह प्रकारचा स्पिनलॉक, आणि नुसती आकडेवारी जमवायची असेल तर पर-सीपीयू व्हेरिएबल. कुठे चुकलंय कळत नसेल तर २०२० च्या ५.८ आवृत्तीपासून कर्नलमध्ये असलेलं केसीसॅन चालू करून कर्नल बांधा; एकाच ग्लोबलला दोन ठिकाणांहून लॉकशिवाय हात लागला की ते दोन्ही स्टॅक ट्रेस दाखवतं.

मॉड्यूल काढून टाकताना क्रॅश होत असेल तर त्याच्या ग्लोबलकडे बोट दाखवणारं काय मागे राहिलंय ते शोधा: टाइमर, वर्कक्यू, नोटिफायर. एक्झिट फंक्शनमध्ये टाइमर नुसता रद्द करून भागत नाही. त्याचा चालू असलेला हँडलर संपेपर्यंत थांबणारी सिंक प्रकारची आवृत्ती वापरा. आणि मॉड्यूलमधला ग्लोबल ॲरे डीएमएसाठी कधी देऊ नका. मॉड्यूलचा डेटा कर्नलच्या सरळ मॅप केलेल्या मेमरीत असेलच असं नाही, त्यामुळे त्याच्या पत्त्यावरून काढलेला फिजिकल पत्ता चुकीचा निघू शकतो. बफर केमॅलॉकने घ्या आणि ग्लोबलमध्ये फक्त त्याचा पॉइंटर ठेवा.